कमिटनंतरचं टिंब : दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरमधलं एक प्रकरण

सोमवारी सकाळी ६ वाजून २० मिनिटांनी पहिला फोन आला. "दादा, पावती निघंना झालीय. नुसतं गोल फिरतंय." मागे कॅन आपटल्याचे आवाज येत होते. दूध आत ओतायचं का थांबायचं, असं कुणीतरी मोठ्याने विचारत होतं. पुढच्या दहा मिनिटांत वेगवेगळ्या केंद्रांवरून असेच चौदा फोन आले. संकलनाची सकाळची पाळी जेमतेम दोन-अडीच तासांची असते आणि दूध थांबत नाही. उन्हाळ्यात तर कॅनमध्ये अर्धा तास जास्त राहिलं तरी नासण्याची भीती. त्यामुळे आमच्या कामात "थोड्या वेळाने प्रयत्न करा" असं कुणाला सांगताच येत नाही.

हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतोय, कारण चूक एकाच ओळीत होती. कोड तपासताना ती ओळ आम्ही तिघांनी वाचली होती आणि तिघांनाही ती निरुपद्रवी वाटली होती. पायथनमधून डेटाबेसशी बोलायला एसक्यूएलअल्केमी ही लायब्ररी वापरणाऱ्या कितीतरी जणांच्या कोडमध्ये ती आज असेल आणि काही त्रासही देत नसेल.

आधी मांडणी सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघासाठी हे सॉफ्टवेअर आहे, संकलन केंद्रं साधारण २००. शेतकरी दूध घालतो, काट्यावर वजन होतं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) निघतं आणि ही नोंद आमच्या सर्व्हरकडे येते. गायीच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून ठरतो. त्याच्या वर-खाली किती द्यायचं ते दरपत्रकात असतं. सर्व्हर दर काढतो, पावती साठवतो, शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज पाठवतो आणि मग केंद्राला पावतीचा क्रमांक कळवतो. मेसेज असा असतो : कोड १४२, गाय, ८.४ लिटर, फॅट ३.८, एसएनएफ ८.५, दर ३४.२०, रक्कम २८७.२८. शेतकऱ्याच्या दृष्टीने आमचं सगळं सॉफ्टवेअर म्हणजे ही एक ओळ. दहा दिवसांनी बिल येतं तेव्हा बाई-माणसं मोबाईलवरचे वीस मेसेज बेरीज करून ताडून बघतात.

सर्व्हरवर फास्टएपीआय हे वेब फ्रेमवर्क, एसक्यूएलअल्केमी २.० आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. सर्व्हरच्या ४ प्रक्रिया चालतात. आमचे हँडलर, म्हणजे आलेली प्रत्येक नोंद हाताळणारी फंक्शनं, साधी आहेत, असिंक नाहीत. अशी फंक्शनं फास्टएपीआय थ्रेडमध्ये (एकाच प्रक्रियेत समांतर चालणाऱ्या धाग्यांत) चालवतं आणि वेगळं काही सांगितलं नाही तर एका प्रक्रियेत एका वेळी ४० थ्रेड. कनेक्शनचा पूल (डेटाबेसची तयार कनेक्शनं, थ्रेड ती आळीपाळीने वापरतात) आम्ही होता तसाच ठेवला होता : ५ कायमची, गर्दीत आणखी १०, आणि एकही मोकळं नसेल तर ३० सेकंद वाट. म्हणजे प्रक्रियेमागे १५ आणि चार प्रक्रियांची मिळून ६० कनेक्शनं. हे वर्षभर सुरळीत चाललं होतं.

सोमवारी लॉग उघडला तर सगळीकडे एकच तक्रार. क्यू-पूलची मर्यादा ५, जादा १० संपले, कनेक्शनची वाट बघून वेळ संपली, ३०.०० सेकंद.

या तक्रारीत आकडे दिलेले असतात, त्यामुळे ती वाचली की हात आपोआप त्या आकड्यांकडे जातो. आम्हीही तेच केलं. सकाळची पाळी संपल्यावर पूलचा आकार ५ वरून ४० केला, थ्रेडइतका, आणि जादाची सोय काढून टाकली. थ्रेडमागे एक कनेक्शन मिळालं की वाट बघायचा प्रश्नच उरणार नाही, हा हिशोब त्या क्षणी पटणारा होता.

संध्याकाळच्या पाळीला अवस्था सकाळपेक्षा वाईट झाली. पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शनं घेतं आणि त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखून ठेवतं. ती संख्या आम्ही बदलली नव्हती. चार प्रक्रिया, चाळीस चाळीस कनेक्शनं मागायला मोकळ्या. ९७ भरली आणि पोस्टग्रेसने सांगून टाकलं की उरलेल्या जागा राखीव आहेत. सकाळी नुसती केंद्रं अडली होती, आता संघाच्या कार्यालयातला बिलाचा प्रोग्रामही आत येऊ शकेना. सात वाजता पूल परत होता तसा केला आणि त्या संध्याकाळी बऱ्याच केंद्रांनी वहीवर नोंदी घेतल्या.

मला त्या संध्याकाळी खटकलेली गोष्ट वेगळी होती. डेटाबेसचं मशीन निवांत होतं. प्रोसेसर चार टक्क्यांच्या वर गेला नव्हता, डिस्क शांत होती. ९७ जणांनी कनेक्शन धरलंय आणि कुणीही काही काम करत नाहीये.

टँकरपेक्षा जास्त दूध

मंगळवारी सकाळी संघाच्या कार्यालयातून फोन आला, तो मात्र पावतीच्या तक्रारीचा नव्हता. एका केंद्रावर सोमवारच्या पावत्यांची बेरीज टँकरमध्ये मोजलेल्या दुधापेक्षा ७३ लिटरने जास्त भरत होती. दूध कमी भरणं समजू शकतं, सांडतं, काट्यात फरक पडतो. जास्त कसं भरेल?

पावत्या काढून बघितल्या. एकाच शेतकऱ्याच्या, एकाच वजनाच्या, एकाच फॅटच्या दोन-दोन पावत्या, मध्ये पाऊण-एक मिनिटाचं अंतर. सगळ्या केंद्रांवर मिळून अशा ४१ जोड्या निघाल्या. केंद्रावरच्या मुलाला पडद्यावर चूक झाल्याचं दिसलं, त्याने बटण पुन्हा दाबलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण पहिली नोंद फसली असेल तर ती साठवली कशी गेली?

या प्रश्नाने आम्ही पहिल्यांदा योग्य दिशेला वळलो. कनेक्शन न मिळाल्याची तक्रार हँडलरच्या सुरुवातीला आली असती तर पावती साठवलीच गेली नसती. पावती साठवली गेली आणि तरी कनेक्शन मिळालं नाही म्हणून हँडलर फसला, याचा एकच अर्थ निघतो : कमिट झाल्यानंतर, म्हणजे नोंद डेटाबेसमध्ये पक्की झाल्यानंतर, कुणीतरी पुन्हा कनेक्शन मागितलं. आणि आमची तिघांची ठाम समजूत होती की कमिटनंतर आमचा कोड डेटाबेसकडे जातच नाही.

हँडलरचा शेवटचा भाग हा असा. सगळं देवनागरीत लिहितोय, रचना तीच आहे :

सेशन.ॲड(पावती)
सेशन.कमिट()
मेसेज_पाठव(पावती.सभासद.मोबाईल, पावती.लिटर, पावती.रक्कम)
रिटर्न पावती.क्रमांक

मंगळवारच्या संध्याकाळी, पाळी ऐन भरात असताना, पोस्टग्रेसमधला पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी हा तक्ता उघडून बसलो. कुठलं कनेक्शन सध्या कोणत्या अवस्थेत आहे, त्या अवस्थेत कधीपासून आहे आणि त्यावर शेवटची क्वेरी कोणती चालली, हे तिथे एकेका ओळीत दिसतं. आमच्या ६० ओळींपैकी ५७ ओळींची अवस्था होती आयडल इन ट्रान्झॅक्शन. म्हणजे व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडा आहे आणि काम शून्य. कुणी सहा सेकंद, कुणी आठ, कुणी नऊ सेकंद तशी. आणि शेवटच्या क्वेरीच्या रकान्यात सगळीकडे तेच वाक्य : सभासदाच्या तक्त्यातून एका आयडीची ओळ उचलणारं सिलेक्ट.

हँडलर नीट संपत असता तर तिथे कमिट दिसायला हवं होतं आणि अवस्था नुसती आयडल. कमिटनंतर नवा व्यवहार उघडला होता, त्यात सभासद वाचला होता आणि मग तो व्यवहार तसाच सोडून कोड दुसरीकडे कुठेतरी थांबला होता. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे आता उघड होतं. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीचं उत्तर यायला त्या दोन दिवसांत आठ ते बारा सेकंद लागत होती. एरवी ते पाव-अर्ध्या सेकंदात यायचं.

टिंबाच्या मागे काय चालतं

एसक्यूएलअल्केमीचं सेशन डेटाबेसशी सतत जोडलेलं नसतं. सेशन नुसतं तयार केलं तर एकही कनेक्शन घेतलं जात नाही. पहिली क्वेरी चालवायची वेळ येते तेव्हा ते पूलमधून कनेक्शन उचलतं आणि व्यवहार सुरू करतं. कमिट, रोलबॅक (व्यवहार रद्द) किंवा क्लोज केलं की कनेक्शन पूलला परत जातं. इथपर्यंत आमची समजूत बरोबर होती.

पण कमिट करताना सेशन आणखी एक गोष्ट करतं. आपल्या ताब्यातल्या सगळ्या ऑब्जेक्टचे गुणधर्म ते जुने ठरवतं. एक्स्पायर ऑन कमिट या नावाची ही सेटिंग आहे आणि ती आपण बंद केल्याशिवाय चालूच असते. कारण रास्त आहे. व्यवहार संपला, आता त्या ओळीत दुसऱ्या कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही, तेव्हा मेमरीतल्या किमतीवर भिस्त ठेवू नये. पुढच्या वेळी कुणी गुणधर्म विचारला की सेशन डेटाबेसकडे जाऊन ताजी किंमत आणतं. त्यासाठी पुन्हा कनेक्शन, पुन्हा नवा व्यवहार.

आता तिसरी ओळ परत वाचा. पावती.सभासद यातल्या टिंबाशी दोन क्वेरी होतात. सभासद कोण हे कळायला पावतीचा सभासद-आयडी लागतो, तो कमिटमुळे जुना झालाय, म्हणून आधी पावतीची ओळ परत वाचली जाते. मग सभासद हे लेझी, म्हणजे मागितल्यावरच वाचलं जाणारं, नातं आहे, आजवर कुणी त्याला हात लावला नव्हता, म्हणून सभासदाची ओळ वाचली जाते. एवढं झाल्यावर मेसेजचं फंक्शन सुरू होतं आणि ते आठ सेकंद परतत नाही. नवा व्यवहार मिटवायला कुणीच सांगितलेलं नाही. सेशन क्लोज होतं ते हँडलर संपल्यावर, म्हणजे मेसेजचं उत्तर आल्यावर.

पायथनमध्ये टिंब म्हणजे मेमरीतली किंमत वाचणं, हे आपल्या हातात इतकं मुरलेलं असतं की त्या ओळीत डेटाबेस दिसतच नाही. क्वेरी हा शब्द नाही, सेशन हा शब्द नाही.

हे नुसतं तर्काने पटवून घ्यायचं नव्हतं, म्हणून माझ्या मशीनवर एक चाचणी केली. ही चाचणी मी आता प्रत्येक प्रकल्पात करतो आणि प्रत्येकाने करून बघावी असं मनापासून वाटतं. पूलचा आकार १, जादा ०, वाट २ सेकंद. मेसेजच्या फंक्शनच्या जागी दहा सेकंद झोपणारं खोटं फंक्शन. एसक्यूएलअल्केमीचा एको चालू, म्हणजे प्रत्येक वाक्य लॉगमध्ये. एकच नोंद पाठवली आणि लॉगमध्ये हा क्रम आला :

बिगिन
सिलेक्ट, दरपत्रक
इन्सर्ट, पावती
कमिट
बिगिन
सिलेक्ट, पावती
सिलेक्ट, सभासद
(दहा सेकंद काही नाही)
रोलबॅक

दुसरं बिगिन बघितल्यावर खोलीत कुणी काही बोललं नाही. ते दहा सेकंद चालू असताना दुसरी नोंद पाठवली, ती दोन सेकंदांत फसली. पूल पंधराचा असताना हेच दाखवायला गर्दी जमवावी लागली असती, एकचा पूल ते पहिल्याच नोंदीत दाखवतो.

वर्षभर हे का दिसलं नाही, याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. पाळी भरात असते तेव्हा सेकंदाला साधारण १० नोंदी येतात. प्रत्येक नोंदीने ०.३ सेकंद कनेक्शन धरलं तर एका वेळी ३ कनेक्शनं गुंतलेली असतात. ६० मध्ये ३ म्हणजे काहीच नाही. उत्तर ८ सेकंदांवर गेलं की तोच गुणाकार ८० येतो आणि आपल्याकडे ६०. सोमवारी संध्याकाळी उत्तराला १२ सेकंद लागत होती. तेव्हा १२० कनेक्शनं हवी होती आणि पोस्टग्रेसकडे द्यायला ९७ होती. पूल वाढवून आम्ही नुसतं गुदमरण्याचं ठिकाण बदललं होतं.

दुहेरी पावत्यांचाही उलगडा झाला. कमिटशी कनेक्शन पूलमध्ये गेलं की दारात पंचवीस थ्रेड ताटकळत उभेच. कधीकधी त्यातला एखादा ते उचलायचा. मग पावती साठवून झालेला थ्रेड टिंबाशी येऊन पुन्हा रांगेत उभा राहायचा आणि ३० सेकंदांनी चूक फेकायचा. पावती आत, पडद्यावर तांबडी पट्टी.

दुरुस्ती, आणि आधी फसलेल्या दोन दुरुस्त्या

कारण कळल्यावरही पहिल्या फटक्यात बरोबर दुरुस्ती झाली नाही.

पहिली सूचना अशी आली की एक्स्पायर ऑन कमिट बंदच करून टाकू. एका शब्दाचा बदल. चाचणीत लावून बघितलं. पावती परत वाचणारं सिलेक्ट गेलं, सभासदाचं सिलेक्ट जागेवरच. बरोबरच आहे, सभासद हे नातं जुनं झालं नव्हतं, ते मुळात कधी वाचलंच नव्हतं. सभासदाचा आयडी केंद्राकडून येतो, त्यामुळे हँडलरला सभासदाचं ऑब्जेक्ट आधी लागतच नाही.

त्याहून मोठी अडचण दुसरीकडे निघाली. सेशन तयार करणारी फॅक्टरी सगळ्या सॉफ्टवेअरला एकच आहे, त्यामुळे ही सेटिंग दहा दिवसांच्या बिलाच्या प्रोग्रामलाही लागू झाली. तो प्रोग्राम एकच सेशन उघडून एकेका संस्थेचं बिल काढत जातो आणि प्रत्येक संस्थेनंतर कमिट करतो. दरपत्रकाची ऑब्जेक्टं तो सुरुवातीला एका डिक्शनरीत धरून ठेवतो. आजवर प्रत्येक कमिटनंतर ती जुनी ठरायची आणि ताजा दर वाचला जायचा, हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं, ते आपसूक मिळत होतं. सेटिंग बंद केल्यावर चाचणीच्या डेटाबेसवर मधेच एक दर बदलून बघितला, तर पुढच्या सगळ्या संस्थांची बिलं जुन्याच दराने निघाली. दरपत्रकावर नवी क्वेरी चालवूनही उपयोग झाला नाही. सेशन आपल्या आयडेंटिटी मॅपमध्ये त्या ओळीचं ऑब्जेक्ट आहे असं बघतं आणि त्यात आधीच भरलेल्या किमती क्वेरीच्या उत्तराने बदलत नाही, तसं मुद्दाम सांगावं लागतं. शेतकऱ्याच्या बिलात चुकीचा दर जाण्यापेक्षा सर्व्हर बंद पडलेला परवडतो. सर्व्हर बंद पडलेला निदान दिसतो. सेटिंग परत चालू केली.

दुसरी दुरुस्ती आमच्यातल्या सर्वांत नव्या मुलीने केली. तिने मेसेजच्या ओळीआधी सेशन क्लोज केलं. चाचणी चालवली तर डिटॅच्ड इन्स्टन्स एरर : हे ऑब्जेक्ट कुठल्याही सेशनला बांधलेलं नाही, माहिती परत आणता येत नाही. ती बिचारी खट्टू झाली. पण माझ्या मते त्या आठवड्यातलं सगळ्यात उपयोगी पाऊल तेच होतं. या एररला लोक घाबरतात आणि तो गप्प करायला सेशन आणखी लांब उघडं ठेवतात. खरं तर सेशनच्या हद्दीबाहेर कुठलं टिंब डेटाबेसकडे धाव घेतंय ते हा एरर ओळ क्रमांकासकट सांगतो. तिने तसंच सगळ्या हँडलरमध्ये सेशन लवकर क्लोज करून चाचण्या चालवल्या आणि आणखी सहा ठिकाणं सापडली. त्यातलं एक तर लॉग लिहिण्याच्या ओळीत होतं. पावती साठवली, असं लिहिताना कुणीतरी सभासदाचं नाव छापलं होतं.

शेवटी जे केलं ते असं. मेसेजला लागणाऱ्या पाच-सहा किमती व्यवहार चालू असतानाच काढून एका साध्या डेटाक्लासमध्ये ठेवायच्या. सभासद हवा असेल तर तो तिथेच, स्पष्ट शब्दांत क्वेरी लिहून वाचायचा. हे सगळं विथ सेशन.बिगिन() च्या ठोकळ्यात. ठोकळा संपला की कमिट झालं, कनेक्शन गेलं, आणि त्याखालच्या कोडच्या हातात एकही ओआरएमचं (डेटाबेसच्या ओळीला बांधलेलं) ऑब्जेक्ट उरत नाही. हातात ऑब्जेक्टच नसेल तर टिंबाने घात होण्याचा प्रश्न नाही. हँडलरने कनेक्शन धरण्याचा वेळ वीस मिलिसेकंदांच्या आसपास आला. सेकंदाला १० नोंदींचा गुणाकार आता ०.२ येतो, म्हणून पूल ५ आणि १० वरच ठेवला.

नात्यांवर लेझी ऐवजी रेझ लावलं. आता न वाचलेलं नातं कुणी टिंबाने मागितलं तर गुपचूप क्वेरी होत नाही, सेशन उघडं असलं तरी तिथल्या तिथे चूक येते. पहिले दोन दिवस सगळे वैतागले. ज्याला नातं हवं त्याने क्वेरीतच सिलेक्ट-इन-लोड किंवा जॉइंड-लोड लिहायचं. हे करताना यादीच्या एका पानावर पावतीमागे एक सभासद-क्वेरी होत होती तीही निघाली, ५०० पावत्यांना ५०१ क्वेरी. तिचं वेगळं प्रकरण होऊ शकेल, इथे एवढंच.

दुहेरी पावत्यांसाठी केंद्र, तारीख, पाळी आणि केंद्राच्या मशीनने दिलेला नोंद क्रमांक या चौघांवर युनिक बंधन घातलं. बटण दोनदा दाबलं तर दुसरं इन्सर्ट डेटाबेसच नाकारतो आणि आम्ही आधीच्या पावतीचा क्रमांक परत देतो. इथे एक काळजी घ्यावी लागली. फ्लश करताना (इन्सर्ट डेटाबेसकडे पाठवताना) चूक आली की त्या सेशनवर रोलबॅक केल्याशिवाय पुढची क्वेरी चालत नाही, पेंडिंग रोलबॅक एरर येतो. आम्ही चूक पकडून सरळ जुनी पावती शोधायला गेलो होतो आणि तिथेच आपटलो.

मेसेज पाठवण्याच्या फंक्शनमध्ये टाइमआउटच दिलेला नव्हता. पायथनची रिक्वेस्ट्स ही लायब्ररी आपण सांगितल्याशिवाय वेळेची मर्यादा लावत नाही, समोरचा उत्तर देईपर्यंत बसून राहते. तिथे मर्यादा घातली. पोस्टग्रेसमध्ये आयडल इन ट्रान्झॅक्शन अवस्थेसाठी एका मिनिटाची मर्यादा घातली, त्यापुढे पोस्टग्रेस ते कनेक्शनच तोडतं. तुटलेलं कनेक्शन पुढच्या थ्रेडच्या हाती पडू नये म्हणून पूलचं प्री-पिंग (देण्याआधी कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणं) चालू केलं. ही मर्यादा फक्त पूलसाठी नाही. उघड्या व्यवहाराने सभासदाचा तक्ता नुसता वाचला असला तरी त्याचं हलकं कुलूप व्यवहार संपेपर्यंत राहतं. त्या वेळी कुणी तक्त्याला नवा रकाना जोडायला गेलं तर त्याला थांबावं लागतं आणि त्याच्या मागे येणाऱ्या साध्या सिलेक्टही रांगेत अडकतात. त्या दोन दिवसांत तसं कुणी केलं नाही म्हणून निभावलं.

राहिला मेसेज. तो हँडलरमधून पूर्ण बाहेर काढला. पावतीच्याच व्यवहारात निरोप नावाच्या तक्त्यात एक ओळ पडते आणि वेगळी प्रक्रिया ती उचलून पाठवते. ओळ उचलताना फॉर अपडेट स्किप लॉक्ड लावलं, म्हणजे दोन थ्रेड एकाच ओळीवर भांडत नाहीत. गंमत म्हणजे या नव्या प्रक्रियेच्या पहिल्या मसुद्यात जुनीच चूक परत आली होती. ओळ कुलूप लावून उचलली, मेसेज पाठवला आणि मग कमिट. आठ सेकंद कनेक्शन आणि कुलूप दोन्ही हातात. एकच्या पूलवर चाचणी लावल्यामुळे ती पाच मिनिटांत दिसली. आता ओळ उचलायची, घेतली अशी खूण वेळेसकट करायची, कमिट, सेशन बंद. मग मेसेज. मग नवं सेशन उघडून पाठवला अशी खूण.

यात एक फट उरते. मेसेज गेला आणि खूण करण्याआधी प्रक्रिया मेली तर पाच मिनिटांनी ती ओळ पुन्हा उचलली जाते आणि शेतकऱ्याला तोच मेसेज दुसऱ्यांदा जातो. संघाच्या लोकांना विचारलं. मेसेज न येण्यापेक्षा दोनदा आलेला चालेल, फक्त त्यात पावतीचा क्रमांक घाला म्हणजे एकाच दुधाचे दोन मेसेज आहेत हे कळेल, असं ते म्हणाले. क्रमांक घातला.

तीन आठवड्यांनी मेसेजची कंपनी पुन्हा मंदावली, पुन्हा आठ सेकंद. या वेळी मला ते फोनवरून कळलं नाही, निरोप तक्त्यातल्या थांबलेल्या ओळी वाढताना दिसल्या. पाठवणाऱ्या प्रक्रियेचे वीस थ्रेड वाट बघत होते आणि त्या विसांना पाच कनेक्शनांचा पूल पुरून उरत होता, कारण वाट बघताना कुणाच्याच हातात कनेक्शन नव्हतं. शेवटचा मेसेज जायला नऊ वाजून गेले. काटा एकाही केंद्रावर थांबला नाही आणि टँकरचं दूध पावत्यांशी जुळलं.